एक रस्ता, पाच निधी : अरब विकास निधींचं एकत्र काम कुठं जमतं आणि कुठं अडतं

समजा, आफ्रिकेतल्या एका गरीब देशाला १२० किलोमीटरचा रस्ता बांधायचा आहे. अंदाजे खर्च १५ कोटी डॉलर. सरकार स्वतःचे दीड कोटी घालणार. उरलेले साडेतेरा कोटी पाच अरब निधींकडून, म्हणजे मुख्यतः अरब देशांनी इतरांना विकासासाठी कर्ज द्यायला काढलेल्या संस्थांकडून, येणार: पहिल्याकडून ४ कोटी, दुसऱ्याकडून साडेतीन, तिसऱ्याकडून ३, चौथ्याकडून १ कोटी ८० लाख आणि पाचव्याकडून १ कोटी २० लाख. हा रस्ता हिशेब समजावा म्हणून कल्पिलेला आहे, पण अशा बेरजांवर उभे राहिलेले रस्ते, धरणं आणि नळयोजना मॉरिटानियापासून ताजिकिस्तानपर्यंत पसरलेल्या आहेत.

पाच जणांकडे हात पसरण्यापेक्षा एकाकडून सगळी रक्कम का घेत नाहीत, असं कुणालाही वाटेल. याचं उत्तर निधींच्या नियमांत आहे. सौदी फंडाच्या सनदेनुसार एका प्रकल्पाच्या एकूण खर्चाच्या निम्म्याहून जास्त कर्ज त्याला देता येत नाही. शिवाय एका कर्जाला फंडाच्या भांडवलाच्या ५ टक्क्यांची मर्यादा आहे. इतर निधींनीही आपापल्या वाट्याला असेच बांध घातले आहेत. म्हणजे दुसरा कुणी जोडीला असणं ही पहिल्यापासूनची गरज आहे. एकमेकांशी बोलल्याशिवाय या निधींचं कामच चालत नाही, आणि बोलण्याची सवय त्यांना परिषदांमधल्या ठरावांच्या फार आधी लागली ती त्यामुळेच.

थोडा इतिहास. कुवैत १९ जून १९६१ रोजी स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला कुवैत फंडाची स्थापना झाली. स्वतः नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशानं दुसऱ्यांना कर्ज देणारी संस्था काढावी, हे त्या काळी नवलाचं होतं. पहिलं कर्ज सुदानच्या रेल्वेला गेलं. आधी हा फंड फक्त अरब देशांपुरता होता, १९७४ मध्ये तो सगळ्या विकसनशील देशांसाठी खुला झाला. १९७१ मध्ये अबुधाबी फंड आला. अरब फंड, म्हणजे अरब लीगच्या सदस्य देशांचा सामाईक निधी, करारानं १९६८ चा, पण त्याचं काम १९७४ च्या सुमारास सुरू झालं. १९७३ मध्ये तेलाचा भाव चौपट झाला आणि पुढच्या तीन वर्षांत सौदी फंड, जेद्दाची इस्लामिक डेव्हलपमेंट बँक, आफ्रिकेतल्या बिगर-अरब देशांसाठीची बादेआ ही बँक, व्हिएन्नातला ओपेक फंड आणि अबुधाबीतला अरब मॉनेटरी फंड अशा संस्था पाठोपाठ उभ्या राहिल्या. रियाधचा अॅगफंड हा आखाती देशांचा विकास निधी १९८० मधला, कतार फंड त्यानंतरचा. या दहा जणांच्या गटाला अरब समन्वय गट म्हणतात. त्याची सुरुवात १९७५ ची. बरीच वर्षं त्याचं सचिवालय कुवैतमधल्या अरब फंडाकडे राहिलं. सगळ्या सदस्यांनी कुठे किती पैसे दिले याची एकत्र खतावणी तिथंच ठेवली जायची.

या गटाच्या घडणीत माणसांचं सातत्यही मोठं आहे. अब्दुल लतीफ अल-हमद १९६३ ते १९८१ कुवैत फंडाचे प्रमुख होते आणि १९८५ पासून पुढे तीन दशकांहून जास्त काळ अरब फंडाचे. एकाच हाताखाली दोन संस्थांच्या कामाच्या पद्धती घडल्या, तर एकीची फाइल दुसरीला वाचायला जड जात नाही. कागदी समन्वयापेक्षा याची किंमत मला जास्त वाटते.

आता परत रस्त्याकडे.

पहिली पायरी सरकारच्या पत्राची. अर्थमंत्रालय एका निधीला लिहितं आणि त्याच पत्राची प्रत इतरांना पाठवतं. निधींच्या कामकाज विभागांचे संचालक ठरावीक काळानं एकत्र बसतात आणि संस्थांचे प्रमुख वर्षाकाठी भेटतात. संचालकांच्या बैठकीत यादी फिरते: कुणाच्या हातात कुठला प्रकल्प, कुणाला किती रस, कुणाचा त्या देशातला कोटा संपत आला. तिथंच एक जण अग्रणी ठरतो. बहुधा तो सर्वांत मोठा वाटा उचलणारा असतो, नाहीतर त्या देशात किंवा त्या क्षेत्रात ज्याचा हात बसलेला आहे असा. अरब देशांना जोडणाऱ्या वीजवाहिन्यांचं काम असेल, तर अरब फंडाकडे पाहिलं जातं. इजिप्त आणि जॉर्डनच्या वीजजाळ्यांना अकाबाच्या आखाताखालून जोडणाऱ्या केबलमागे त्याचंच कर्ज होतं.

अग्रणी निधी मूल्यमापनाचं पथक पाठवतो. त्यात अभियंता असतो, अर्थतज्ज्ञ असतो आणि कधी वकीलही. इतर निधी आपला एखादा माणूस जोडतात किंवा अग्रणीचा अहवाल तसाच स्वीकारतात. समन्वयाचा सगळ्यात मोठा फायदा इथं मिळतो आणि बाहेरून तो कुणाच्या लक्षात येत नाही. छोट्या देशाच्या बांधकाम मंत्रालयात रस्त्यांचं अर्थशास्त्र जाणणारे अधिकारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पाच निधींची पाच पथकं पाच वेगवेगळ्या महिन्यांत आली, तर हे अधिकारी वर्षभर पाहुण्यांना साइट दाखवत फिरतील. वाहनांची गणना, मातीच्या चाचण्या, पुलांची जागा, भूसंपादनाची यादी हे सगळं एकदाच तपासलं गेलं, तर तेच अधिकारी निविदेच्या कागदांवर बसू शकतात. विकास मदतीबाबतच्या २००५ च्या पॅरिस जाहीरनाम्यात देणाऱ्यांनी आपल्या पद्धती जुळवाव्यात असं एक तत्त्व आहे. एका अहवालावर पाच सह्या ही सोय अरब निधींनी त्याच्या बरीच आधी लावून घेतली होती.

पण अहवाल स्वीकारणं आणि पैसे एकत्र वापरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे जोडण्याचे मार्ग दोन. संयुक्त पद्धतीत प्रत्येक बिलात प्रत्येक निधीचा ठरलेला वाटा असतो. समांतर पद्धतीत काम तुकड्यांत वाटलं जातं: पहिले ४० किलोमीटर याचे, पुढचे ४० त्याचे, पूल तिसऱ्याचे, देखरेख करणारा सल्लागार चौथ्याचा.

संयुक्त पद्धत कागदावर सुंदर दिसते. आपल्या रस्त्यावर कंत्राटदारानं २० लाख डॉलरचं मासिक बिल लावलं, तर सरकार २ लाख देणार, पहिला निधी ५ लाख ३३ हजार ३३३, दुसरा ४ लाख ६६ हजार ६६७, तिसरा ४ लाख, चौथा २ लाख ४० हजार आणि पाचवा १ लाख ६० हजार. एका बिलासाठी पाच वेगवेगळे मागणी-अर्ज, पाच नमुन्यांत, पाच गावी. चौघांनी पैसे सोडले आणि पाचव्यानं सहीचा नमुना जुळत नाही म्हणून अर्ज परत केला, की कंत्राटदाराच्या खात्यात ९२ टक्के येतात आणि ८ टक्के लटकतात. आंतरराष्ट्रीय बांधकामात सर्रास वापरल्या जाणाऱ्या, फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या संघटनेच्या १९९९ च्या नमुना-करारानुसार, बिल सल्लागार अभियंत्याच्या हाती पडल्यापासून ५६ दिवसांत पैसे मिळायला हवेत. नाही मिळाले, तर २१ दिवसांची नोटीस देऊन कंत्राटदार काम थांबवू किंवा मंदावू शकतो. थकलेल्या रकमेवरचं व्याज वेगळं, आणि ते कुठल्याच निधीच्या कर्जातून देता येत नाही. ते सरकारच्या तिजोरीतून जातं.

म्हणून जुने जाणते समांतर पद्धतीकडे झुकतात. तिची अडचण वेगळी. पहिल्या तुकड्याचं कर्ज लागू झालं, दुसऱ्याचं संसदेत अडकलं, तिसऱ्याच्या निविदा पुन्हा काढाव्या लागल्या. तिसऱ्या वर्षी पाहावं तर ४० किलोमीटरचा गुळगुळीत डांबरी रस्ता एका ओढ्याच्या काठाशी संपलेला आणि पलीकडे जुनीच खडकाळ वाट. अर्ध्या रस्त्याचा फायदा अर्धा नसतो. ट्रकवाला त्या वाटेनं जातच नाही, कारण सगळ्यात वाईट किलोमीटर त्याचा अक्ष मोडतो. मला विचाराल तर समांतर पद्धत वापरावी, पण तुकडे पाडताना प्रत्येक तुकडा एकटा उभा राहू शकेल असा पाडावा: गावापासून गावापर्यंत, बाजारापासून हमरस्त्यापर्यंत. कर्जाच्या आकड्यांत बसावेत म्हणून किलोमीटर कापले, तर नुकसान ठरलेलं.

समांतर पद्धतीमागे आणखी एक कारण आहे, जे उघडपणे फारसं बोललं जात नाही. इस्लामिक डेव्हलपमेंट बँकेसारख्या संस्थांच्या खरेदी-नियमांत बहिष्काराची अट असते. इस्लामिक सहकार्य संघटना, अरब लीग आणि आफ्रिकी संघ यांचे बहिष्काराचे (मुख्यतः इस्रायलविरुद्धचे) नियम पाळणाऱ्या कंपन्यांनाच तिथं निविदा भरता येते. जागतिक बँकेच्या नियमांत अशी अट बसत नाही. त्यामुळे दोघांच्या पैशांतून एकच कंत्राट काढणं अवघड होतं. कंत्राटं वेगळी केली, की दोघांचे नियम आपापल्या हद्दीत राहतात. ताजिकिस्तानातल्या रोगुन धरणासारख्या प्रचंड कामात जागतिक बँक आणि अनेक अरब निधी एकाच प्रकल्पावर आहेत. तिथं पर्यावरणाची आणि पुनर्वसनाची मोजमापं सगळ्यांसाठी एक ठेवावी लागतात, पण पैसा ज्याच्या त्याच्या नळातून येतो.

अरब गटाच्या आतल्या आत खरेदीचा घोळ त्या मानानं कमी आहे. निविदेचा मसुदा, पूर्वपात्रता आणि मूल्यांकनाची रीत यांत बरंच साम्य आहे. शिवाय हे निधी आपल्या देशाच्याच कंपन्यांना काम द्या असा आग्रह फारसा धरत नाहीत, कारण आखाती देशांकडे विकायला टर्बाइनं किंवा रेल्वे इंजिनं नव्हतीच. पाश्चात्त्य दात्यांच्या मदतीत बांधील खरेदीमुळे किंमत कशी फुगते, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना याचं मोल सांगायला नको.

कर्जकरारावर सही झाली की वर्तमानपत्रात फोटो येतो. पण सही झालेलं कर्ज लागू झालेलं नसतं. ते लागू होण्यासाठी संसदेची मंजुरी, देशाच्या कायदा खात्याचं मत, प्रकल्प अंमलबजावणी कक्षाची स्थापना, त्याच्या प्रमुखाची नेमणूक आणि इतर निधींचे करार झाल्याचा पुरावा लागतो. साधारणपणे सहा महिन्यांची मुदत असते आणि ती वाढवून घ्यावी लागते, हेही साधारणच. शेवटची अट नीट वाचा: इतर निधींचे करार झाल्याचा पुरावा. पहिला निधी दुसऱ्याच्या सहीची वाट पाहतो, दुसरा पहिल्याच्या. दोघांची अट तंतोतंत खरी आणि प्रकल्प तिथंच ठप्प. यावर उपाय साधा आहे. अग्रणी निधीनं सगळ्यांना एकाच तारखेला करार लागू करायला लावायचं, किंवा ही अट पहिल्या पैशाऐवजी अमुक एका टक्क्यानंतरच्या पैशाला लावायची. जिथं अग्रणी खमका असतो तिथं हे होतं.

दरम्यान निविदांची मुदत पळत असते. बोली बहुधा १२० दिवस वैध असते. त्या दिवसांत पाच निधींची ना-हरकत मिळाली नाही, तर बोलीची मुदत वाढवून मागावी लागते, आणि डांबराचा भाव चढलेला असेल तर सर्वांत कमी बोली लावणारा हसत हसत नकार देतो. मग दुसऱ्या क्रमांकाकडे जा किंवा सगळं पुन्हा. अशा वेळी एकाची ना-हरकत सगळ्यांची ना-हरकत हा नियम हवा. अग्रणीनं १५ कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचं, इतरांनी गप्प राहिल्यास होकार धरायचा. गटातल्या सगळ्याच प्रकल्पांत असं होतं असं म्हणता येणार नाही. एकाच अहवालावर विश्वास ठेवणाऱ्या संस्था ६० लाखांच्या एका कंत्राटासाठी मात्र स्वतःच्या वकिलाला विचारतात.

कामकाजाच्या दिवसांचं सांगायचं तर, रियाध आणि कुवैतची सुटी शुक्रवार-शनिवार, व्हिएन्नाची शनिवार-रविवार, आणि अबुधाबीनं जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार धरली, शुक्रवारी अर्धा दिवस. कर्ज घेणाऱ्या बहुतेक देशांत शनिवार-रविवार. सगळी कार्यालयं एकाच वेळी पूर्ण दिवस उघडी असतात ते सोमवार ते गुरुवार. अंमलबजावणी कक्षात नवा माणूस आला की त्यानं भिंतीवर हे वेळापत्रक आणि रमझानचे दिवस लावून ठेवावेत. गुरुवारी दुपारी पाठवलेला अर्ज एखाद्या टेबलावर सोमवारपर्यंत पडून राहतो, आणि अशा दोन-तीन टेबलांतून तो गेला की महिन्यातला आठवडा गेला.

चलनाचाही हिशेब ठेवावा लागतो. सौदी रियाल डॉलरला ३.७५ या दरानं बांधलेला आहे, अमिरातीचा दिरहम ३.६७२५ या दरानं, त्यामुळे या दोघांच्या कर्जात आणि डॉलरमधल्या कंत्राटात फट पडत नाही. ओपेक फंड आणि बादेआ मुख्यतः डॉलरमध्ये देतात. पण कुवैती दिनार मे २००७ पासून चलनांच्या टोपलीला जोडलेला आहे, आणि इस्लामिक डेव्हलपमेंट बँकेचा हिशेबी इस्लामिक दिनार म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा एक एसडीआर, म्हणजे प्रमुख चलनांच्या टोपलीवर ठरणारं हिशेबी एकक. समजा आपल्या रस्त्याचे ३ कोटी डॉलर दिनारमध्ये मंजूर झाले आणि तीन वर्षांत दिनार डॉलरच्या तुलनेत ४ टक्क्यांनी उतरला, तर १२ लाख डॉलर कमी पडतात. आकस्मिक खर्चाची तरतूद सहसा भाववाढ आणि वाढीव काम धरून केलेली असते. चलनाचा हा खड्डा तिच्यात धरलेला नसतो आणि शेवटच्या वर्षी रस्त्याकडेच्या गटारी किंवा पुलाचे कठडे यांच्यावर कुऱ्हाड येते. गटारी नसलेला रस्ता दोन पावसाळ्यांत उखडतो.

हे निधी एकत्र आल्यानं खरोखर काय साधू शकतं आणि काय निसटतं, हे पाहायचं तर पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगल नदीकडे जावं लागतं. माली, मॉरिटानिया आणि सेनेगल या तीन देशांनी १९७२ मध्ये नदीखोरे संघटना काढली. १९७८ च्या करारानं त्यांनी ठरवलं की धरणं तिघांच्या सामाईक मालकीची असतील, आणि पुढे कर्जांची हमीही तिघांनी मिळून दिली. पैसा देणाऱ्याच्या दृष्टीनं याहून भक्कम पाया दुसरा नाही. तरीही जागतिक बँकेनं आर्थिक फायदा पटत नाही म्हणून मूळ धरणांना नकार दिला. सौदी, कुवैत आणि अबुधाबी फंड पुढे झाले, युरोपीय देश आणि आफ्रिकी विकास बँकही आली, आणि मालीत बाफिंग नदीवर मनान्तालीचं धरण १९८२ ते १९८८ या काळात उभं राहिलं. मुखाजवळचा दियामा बंधारा १९८६ मध्ये झाला.

आणि मग तेरा वर्षं विजेविना गेली. धरण होतं, पाणी होतं, विजेचा टप्पा मात्र वेगळ्या पैशांवर टांगलेला होता. १९८९ मध्ये मॉरिटानिया आणि सेनेगल यांच्यात रक्तरंजित संघर्ष पेटला आणि सगळं थांबलं. वीजवाहिन्या कुठून न्यायच्या यावर वाद झाले. शेवटी १९९७ मध्ये जागतिक बँकही आली, अरब आणि युरोपीय पैसा पुन्हा जुळला, आणि २००१-०२ मध्ये २०० मेगावॉटचं केंद्र चालू झालं. विजेची वाटणी ठरली मालीला ५२ टक्के, सेनेगलला ३३, मॉरिटानियाला १५. बामाको, डाकार आणि नुआकशोत या तिन्ही राजधान्यांना त्या एका धरणाची वीज मिळू लागली. नकार देणाऱ्यांच्या हिशेबात हे बसत नव्हतं आणि धीर धरणाऱ्यांना ते दिसत होतं, याचं श्रेय अरब निधींना द्यायलाच हवं.

पण त्याच नदीवर दुसरंही घडलं. दियामामुळे समुद्राचं खारं पाणी आत यायचं थांबलं, कालव्यांत वर्षभर गोडं पाणी साचलं, त्यात गोगलगायी वाढल्या आणि १९८८ पासून सेनेगलमधल्या रिशार-तोल भागात बिल्हार्झियाची, म्हणजे गोगलगायींमार्फत पाण्यातून पसरणाऱ्या कृमींच्या रोगाची, भयंकर साथ पसरली. सिंचनाचं मूल्यमापन एकत्र झालं होतं, आरोग्याचं कुणाच्याच वाट्याला नव्हतं. एकाच अहवालावर सगळ्यांनी विसंबण्याचा हाच धोका आहे. पाच पथकं आली तर वेळ जातो, पण त्यांतल्या एखाद्याला कालव्यातली गोगलगाय दिसण्याची शक्यता असते. म्हणून एकच पथक पाठवायचं असेल, तर त्यात साथरोगाचा आणि मासेमारीचा जाणकार असलाच पाहिजे, आणि त्याचा पगार कुणाच्या अंदाजपत्रकातून निघणार हे आधीच ठरलेलं हवं.

सुदानमधल्या मेरोवे धरणाची गोष्टही अशीच कडू-गोड आहे. १२५० मेगावॉट, मार्च २००९ मध्ये उद्घाटन, चीनच्या जोडीला अरब फंड आणि सौदी, कुवैत, अबुधाबीचे निधी. विजेच्या बाबतीत सुदानचं चित्र पालटलं. पण नदीकाठची हजारो कुटुंबं वाळवंटात हलवली गेली, त्यांनी विरोध केला, रक्त सांडलं. पुनर्वसनाचं काम सरकारचं, धरणाचे पैसे निधींचे, अशी विभागणी केली की मधल्या माणसाकडे कुणीच पाहत नाही. कर्जकरारात पुनर्वसन ही पैसे सोडण्याची अट म्हणून घालता येते: अमुक गावांना पाणी आणि जमीन मिळाल्याशिवाय धरणाची पुढची पातळी भरायची नाही. एका निधीनं ही अट घातली तर सरकार दुसऱ्याकडे जाईल. पाचही जणांनी मिळून घातली तर जायला दुसरं दार उरत नाही. गटाच्या एकजुटीचा यापेक्षा मोठा उपयोग मला सुचत नाही, आणि नेमका इथं तो कमी केला जातो, कारण कर्जदाराच्या अंतर्गत कारभारात पडायचं नाही हा या निधींचा जुना बाणा आहे. त्या बाण्यामुळेच अनेक देशांना ते जवळचे वाटतात, हेही खरं.

आता कर्जाच्या मऊपणाबद्दल, कारण इथं समन्वयाचा थेट पैशात फायदा मोजता येतो. नाणेनिधीचा कार्यक्रम घेतलेल्या गरीब देशांना बहुधा अट असते की नव्या कर्जाचा अनुदान-अंश किमान ३५ टक्के हवा. अनुदान-अंश म्हणजे, पुढच्या सगळ्या हप्त्यांची आजची किंमत ५ टक्के दरानं काढली, तर मूळ रकमेपेक्षा ती किती टक्क्यांनी कमी भरते. एखादं कर्ज २० वर्षांचं, त्यात पहिली ५ वर्षं मुद्दल फेडायचं नाही, व्याज आणि सेवाशुल्क मिळून २ टक्के. वर्षाला एक हप्ता धरला तर अनुदान-अंश येतो साधारण २७.५ टक्के. म्हणजे हे कर्ज एकटं नापास. दुसरं कर्ज ३० वर्षांचं, पहिली १० वर्षं मुद्दल फेडायचं नाही, १ टक्का. त्याचा अंश जवळपास ४९.४ टक्के. दोन्ही एकाच प्रकल्पाचं पॅकेज म्हणून मांडली, तर पहिल्याचे ६५ आणि दुसऱ्याचे ३५ असं मिश्रण ३५.२ टक्क्यांवर बसतं आणि पास होतं. दोन तृतीयांश आणि एक तृतीयांश केलं तर ३४.८ वर येऊन हुकतं. इतक्या बारीक फरकावर रस्ता होणार की नाही हे ठरतं. निधींनी अटी आधी एकमेकांना सांगितल्या तरच हे गणित जुळवता येतं. सह्या झाल्यावर कळलं, तर एकाला मुदत वाढवण्यासाठी पुन्हा संचालक मंडळाकडे जावं लागतं.

हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर वापरलं गेलं ते इस्लामिक डेव्हलपमेंट बँकेच्या जीवन आणि उपजीविका निधीत. २०१६ मध्ये सुरू झालेल्या या अडीच अब्ज डॉलरच्या योजनेत गेट्स फाउंडेशन आणि आखाती दात्यांचं ५० कोटींचं अनुदान बँकेच्या २ अब्जांच्या साध्या वित्तपुरवठ्याला मिसळून तो गरीब सदस्य देशांना परवडेल इतका मऊ केला. बँक शरियतच्या नियमांनुसार व्याज घेत नाही. ती वस्तू विकत घेऊन हप्त्यांनी विकते किंवा बांधून घेऊन सोपवते. त्यामुळे अशा व्यवहारांच्या कागदांवर कर्जदार नसतो, खरेदीदार असतो, आणि करसवलतीचं कलम वेगळं लिहावं लागतं. ते विसरलं, तर देशाचं करखातं त्या विक्रीवर कर मागतं. संयुक्त प्रकल्पात ही चूक अगदी हमखास होते.

कर्ज बुडायला लागलं की समन्वयाची खरी परीक्षा होते. १९९६ नंतर अतिकर्जबाजारी गरीब देशांना माफी देण्याचा कार्यक्रम आला, तेव्हा बादेआ, ओपेक फंड, कुवैत फंड, अरब फंड यांनी आपला वाटा उचलला, पण बहुतेकदा कर्ज थेट पुसून न टाकता मुदत लांबवून आणि दर उतरवून. परिणाम आकड्यात सारखा येऊ शकतो, तरी कर्जदार देशाच्या खतावणीत ते कर्ज दिसत राहतं आणि प्रत्येक निधीशी वेगळी बोलणी करावी लागतात. नोव्हेंबर २०२० मध्ये जी-२० नं कर्जांच्या फेररचनेसाठी सामाईक चौकट ठरवली, त्या वर्षी जी-२० चं यजमानपद सौदी अरेबियाकडे होतं, आणि चाडच्या कर्जदात्यांच्या समितीत फ्रान्ससोबत सौदी सह-अध्यक्ष राहिला. तिथं सगळ्या कर्जदात्यांना समान वागणूक हा पाया असतो. अरब निधींनी अशा टेबलावर एकत्र बसून एकच प्रस्ताव मांडला, तर कर्जदार देशाचं एक वर्ष वाचतं.

निधींची शिस्त प्रकल्पांपुरती आहे, हेही स्पष्ट लिहायला हवं. आखाती पैशाचा मोठा प्रवाह या दहा संस्थांच्या बाहेरून वाहतो: मध्यवर्ती बँकांतल्या ठेवी, अंदाजपत्रकाला थेट आधार, तेल. जुलै २०१३ मध्ये इजिप्तला जाहीर झालेले १२ अब्ज डॉलर, सौदीचे ५, कुवैतचे ४, अमिरातीचे ३, हे राजकीय निर्णय होते. मूल्यमापन पथक आणि मागणी-अर्ज यांचा तिथं संबंध नव्हता. त्यामुळे अरब मदत किती परिणामकारक, असा प्रश्न आला की आधी विचारावं: कुठली? निधींची की राजवाड्यांची?

गट म्हणून केलेल्या घोषणा गेल्या काही वर्षांत मोठ्या झाल्या आहेत. २०२२ मध्ये अन्नसुरक्षेसाठी १० अब्ज डॉलर, त्याच वर्षी शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत २०३० पर्यंत २४ अब्ज, नोव्हेंबर २०२३ मध्ये रियाधला आफ्रिकेसाठी ५० अब्ज, डिसेंबर २०२४ मध्ये तिथंच जमिनीची धूप आणि दुष्काळ यांसाठी १० अब्ज. आकडे खरे आहेत आणि त्यामागची इच्छाही. पण नायजरमधली एक सिंचन योजना अन्नसुरक्षेतही बसते, हवामानातही, आफ्रिकेतही आणि जमिनीतही. ती चार वेळा मोजली जाऊ नये, यासाठी प्रत्येक कर्जाला एकच क्रमांक देऊन सामाईक खतावणी लोकांसमोर ठेवावी. संयुक्त अरब अमिरात २०१४ मध्ये ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेच्या विकास साहाय्य समितीत पूर्ण सदस्य न होता ‘सहभागी’ झाली, आणि ती प्रकल्पनिहाय माहिती देते. ते जमतं, तर गटालाही जमेल. खतावणीत मंजूर रकमेशेजारी प्रत्यक्ष सोडलेली रक्कम आणि तारीखही हवी, कारण आपल्या कल्पित रस्त्यावर ९२ टक्के आले आणि ८ टक्के लटकले, ते त्या एका रकान्यातच दिसेल.

बहुतेक अरब निधींची कर्ज घेणाऱ्या देशांत कार्यालयं नाहीत. इस्लामिक डेव्हलपमेंट बँकेनं डाकार, रबात, अल्माटी अशी प्रादेशिक केंद्रं काढली, इतर मुख्यालयातूनच पाहतात. यानं खर्च वाचतो, पण अंमलबजावणी कक्षाचा तिमाही अहवाल हेच त्यांचे डोळे होतात. तो अहवाल पाच नमुन्यांत न मागता एकाच नमुन्यात घ्यावा, आणि त्यात झालेल्या कामाच्या टक्क्यांसोबत किलोमीटर-दगड दिसणारे फोटो मागवावेत. काम संपल्यावर समाप्ती-अहवालही एकच असावा. शिवाय त्यानंतर तीन वर्षांनी कुणीतरी त्या रस्त्यावरून गाडीनं जावं. वजनकाटा चालू आहे का, १३ टनांच्या अक्षमर्यादेचा फलक पाहून ट्रक खरंच थांबवले जातात का, मोऱ्यांत गाळ साचला आहे का, खड्डे भरायला रस्ता-निधीत इंधनावरच्या करातून पैसे येतात का, हे चार प्रश्न विचारायला एक अभियंता आणि चार दिवस पुरतात. त्याच्या विमानभाड्यासाठी मूळ कर्जकरारातच तरतूद ठेवायची.